पुंजाराम सरांचा इंग्रजी पिच्चर

"इंग्रजी आहे तर असू द्या. तुम्ही आहात ना!" असं म्हणून मुख्याध्यापक काकासाहेबांनी ती व्हिडिओ कॅसेट पुंजाराम सरांच्या हातात ठेवली आणि विषय मिटल्यासारखे ते कपाटाला कुलूप लावू लागले.

पुंजाराम सर कॅसेटच्या खोक्याकडे बघत राहिले. खोक्यावर एक गोरा पोरगा भिंतीला टेकून उभा होता. केस विस्कटलेले, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, आणि सगळ्या जगाने मिळून त्याचं जेवण लपवून ठेवल्यासारखं तोंड. असली तोंडं सरांनी एकतीस वर्षं दहावीच्या शेवटच्या बाकावर पाहिली होती. ती बघायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती, असं त्यांना वाटलं.

झालं होतं ते असं. दहावीतल्या तीन पोरांनी मुख्याध्यापकांची खुर्ची शाळेपुढच्या कडुलिंबाच्या शेंड्याला नेऊन बांधली होती. ती खाली काढायला दोन दिवस आणि एक माणूस लागला. तोवर काकासाहेब स्टुलावर बसून कारभार बघत होते आणि स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना पालक मेळाव्याची कल्पना सुचली. पोरं आणि पालक एकत्र बसवायचे, बिघडलेल्या पोरांवरचा एखादा बोध असलेला पिच्चर दाखवायचा, आणि शेवटी चार शब्द बोलायचे. कॅसेट आणायला त्यांनी शाळेच्या कारकुनाला जालन्याला धाडलं. दुकानदाराने सांगितलं, "जुना हाय, बक्षीस मिळालेला हाय, पोरं बिघडतेत आन् शेवटी सगळं बराबर व्हतं." कारकुनाने भाषा विचारली नाही.

"सर, आधी एकदा बघून घेतला असता म्हणजे..." पुंजाराम सर पुटपुटले.

"वेळ कुठंय? उद्या दुपारी बाराला मेळावा. गावात दवंडी गेलीय. तुम्ही टीव्हीच्या बाजूला उभं राहायचं, त्यांनी काही बोललं की ते मराठीतून सांगायचं. तुम्हाला काय अवघड आहे?"

आता तुम्हाला म्हणून सांगायचं, पुंजाराम सरांना इंग्रजी कळत नव्हतं. व्याकरण त्यांना मागून पुढून पाठ होतं. कर्तरीचं कर्मणी ते झोपेत करत. पण इंग्रजी माणसाच्या तोंडून निघालेलं इंग्रजी त्यांच्या कानापाशी येऊन नुसतं घोटाळायचं, आत शिरायचं नाही. टेंभुर्णी गावात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि निवृत्तीला चार महिने राहिलेले असताना ते माहीत व्हावं अशी सरांची इच्छाही नव्हती.

आठ वर्षांपूर्वी एकदा प्रसंग आला होता. बियाण्याच्या कुठल्याशा कंपनीचा गोरा साहेब जमिनी बघायला आला आणि सगळं गाव सरांना बोलवायला धावलं. तेव्हा ऐन मे महिन्यात सरांना हुडहुडी भरून आली. डोक्यापासून पायापर्यंत गोधडी ओढून ते दोन तास घामाने निथळत पडून राहिले, साहेबाची जीप गावाबाहेर गेल्याचं कळेपर्यंत. तो ताप गावाच्या अजून लक्षात होता. "सर आजारी पडले, न्हाईतर साहेबाला गपगार केला असता," असं लोक हळहळून म्हणत.

उद्या मात्र ताप येऊन चालणार नव्हतं, कारण व्हिडिओचा सेट घेऊन येणार होता बद्री, आणि त्याच्यापुढे सरांना माघार घ्यायची नव्हती.

बद्री म्हणजे बद्रीनाथ, सरांचा धाकटा. जूनमध्ये तो दहावीला इंग्रजीत नऊ मार्कांनी नापास झाला. निकालाच्या दिवशी ओसरीत चार माणसं बसलेली असताना सर त्याच्यावर ओरडले, "मी एवढा इंग्रजीचा मास्तर, आन् माझ्याच घरात इंग्रजीत नापास!" आणि त्यांनी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. त्याला सात आठवडे झाले. तेव्हापासून पोरगा बापाशी एक शब्द बोलला नव्हता. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म देव्हाऱ्यामागे पडून होता. बद्री गावातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसत होता, आणि आता त्याची पत्र्याची ट्रंकही भरून झाली होती. सोमवारी सकाळच्या एसटीने तो जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलवर चालला होता. हेदेखील त्याने आईला सांगितलं होतं. आईने, म्हणजे उषाबाईंनी, ते सरांना सांगितलं होतं.

"तुम्ही एक शब्द बोला त्याच्यासंगं. तेवढ्यानं भागंल," उषाबाई शनिवारी संध्याकाळी म्हणाल्या.

"काय बोलू?"

"मला काय इचारता? मास्तर तुम्ही हायेत."

सरांनी खूप विचार केला. बोलायला गेलं तर एकच खरं वाक्य होतं, आणि ते तोंडातून काढायचं म्हणजे एकतीस वर्षांची अब्रू ओसरीत आणून मांडायची. ते कूस बदलून झोपले.

रविवारी दोन वर्गांमधली फळ्यांची भिंत सरकवून एक मोठी खोली केली. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, आणि ती तीन पोरं काकासाहेबांच्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेत, असा बंदोबस्त झाला. बद्रीने टेबलावर टीव्ही मांडला, वायरी जोडल्या, कॅसेट आत ढकलली आणि तो मशीनला खेटून बसला. बापाकडे त्याने पाहिलं नाही. सर टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला हातात छडी घेऊन उभे राहिले. दोघांच्या मध्ये अमेरिका सुरू झाली.

मोठी मोटार आली. टोपीवाला एक जाडजूड माणूस उतरला. घराच्या पायरीवर खोक्यावरचा तो पोरगा बसलेला होता. टोपीवाला त्याला बोट दाखवून भराभर काही बोलला. सरांनी कान टवकारले. एक शब्द लागेल तर शपथ.

"हे वडील," सर छडी टेकवत म्हणाले. "मुलाला अभ्यासाचं महत्त्व समजावून सांगत आहेत."

"बराबर," काकासाहेब म्हणाले.

पोरगा घरात गेला. आत जेवणाच्या टेबलाशी पायजमा घातलेला दुसराच एक माणूस पेपर वाचत बसला होता. पोराच्या आईने त्याला चहा दिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सर्व खोली सरांकडे बघू लागली.

"हा कोण म्हणायचा?" पुढून दुर्गाबाईंनी विचारलं. दुर्गाबाईंचा नातू खुर्चीवाल्या तिघांपैकी एक होता, आणि एखाद्या माणसाचं नातं कळल्याशिवाय त्यांच्याने पुढचं काही बघवत नसे.

"हे वडील," सर म्हणाले.

"मंग तो टोपीवाला?"

"ते मामा. मी मघाशी वडीलधारे म्हणालो. पाव्हणे आलेत गावाहून."

"हां, मामा व्हय," दुर्गाबाईंचं समाधान झालं. सरांनी रुमालाने मान पुसली. अजून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मग त्या टोपीवाल्याच्या मोटारीतून एक पोरगी उतरली. आखूड केस, आखूड झगा. पोरगा तिला बघून पहिल्यांदा हसला. दोघं हातात हात घालून तळ्याच्या काठाने चालू लागली. सरांनी खोलीवर नजर टाकली. सत्तर-ऐंशी आईबाप, दहावीच्या मुली, मागे बालवाडीच्या बाई. मेळावा संस्काराचा होता. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"ही त्याची बहीण. भावाला समजावून सांगत आहे."

"गुणाची पोर हाय," दुर्गाबाई म्हणाल्या.

गुणाची पोर तळ्याकाठी थांबली. पोरगाही थांबला. वाजंत्री हळू झाली. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं आणि तोंडं जवळ जवळ येऊ लागली. सरांनी छडी मशीनकडे उगारली.

"बद्री, बंद कर!" ते ओरडले.

बद्री मशीनकडे बघत काकासाहेबांना म्हणाला, "मुख्याध्यापक सर, सांगा त्यांना, मधीच बंद केली की कॅसेट अडकती या मशिनीत. मंग निघत न्हाई."

सरांनी दहावी 'अ'चा हजेरीपट उचलला आणि पडद्यासमोर धरला. पण हजेरीपट केवढा, आणि टीव्ही केवढा! दोन्ही बाजूंनी व्हायचं ते दिसलंच. बायकांनी पदर तोंडावर घेतले. पहिल्या रांगेतली तीन पोरं आयुष्यात पहिल्यांदा एवढी एकाग्र झाली होती.

मागून धुळाजी उठून उभे राहिले. धुळाजींच्या शंभर मेंढ्या होत्या आणि खुर्चीवाल्या तिघांतला दुसरा पोरगा त्यांचा होता. माणूस सावकाश बोलणारा, पण बोलला की सुटका नाही.

"सर, बहीण म्हनले ना तुम्ही?"

"हो."

"सख्खी?"

सरांच्या डोळ्यांपुढे चार महिने, निरोप समारंभ, शाल आणि नारळ भराभर येऊन गेले. एवढ्यात त्यांना आठवलं की ही पोरगी टोपीवाल्याच्या गाडीतून उतरली होती.

"सख्खी कशी असंल, धुळाजी?" ते म्हणाले. शुद्ध बोलण्याचं त्राण आता त्यांच्यात उरलं नव्हतं. "मामाची पोरगी हाय ती."

सगळी खोली सैल झाली. पदर खाली आले. कुणीतरी मोठ्याने हसलं.

"मंग तसं सांगा की आधी!" दुर्गाबाई म्हणाल्या. "जीव गेल्ता माझा. मामाची पोरगी म्हंजी हक्काचीच. लगीन कधी हाय?"

"बोलणी चालू हायेत."

इथून पुढे पिच्चर सोपा झाला. म्हणजे लोकांना सोपा झाला, सरांचं मरण तेवढं लांबलं. आता प्रत्येक गोष्टीला लोक कारण मागू लागले आणि सर ते पुरवू लागले. टोपीवाल्याने पोराची गचांडी धरून त्याला पायरीवरून ढकललं.

"काय म्हणून राह्यला मामा?"

"पोरगी देत न्हाई म्हणतो."

"का म्हनून? भाच्यात काय कमी हाय?"

"नापास झालाय पोरगा."

"कशात?"

सर दमले होते. दमलेल्या माणसाच्या तोंडात जे असतं तेच बाहेर पडतं.

"इंग्रजीत."

मशीनपाशी बसलेल्या बद्रीने मान वर केली.

"इंग्रजाचं पोरगं इंग्रजीत नापास?" धुळाजींना पटेना.

"त्यात काय एवढं?" काकासाहेब वैतागून म्हणाले. "आपली पोरं मराठीत होत नाहीत का?"

हे सर्वांना पटलं. काकासाहेबांना मात्र दुसरीच काळजी लागली होती. पडद्यावर तो पोरगा आणि त्याचे दोन दोस्त मिळून टोपीवाल्याची मोटार ढकलत ढकलत तळ्याकडे नेत होते. मोटार सावकाश पाण्यात शिरली, बुडबुडे आले, आणि टपावर ठेवलेली मामाची टोपी तेवढी तरंगत राहिली. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सर, यात बोध कुठंय?" काकासाहेबांनी कानाशी येऊन विचारलं.

"येऊन राह्यलाय, सर. थोडं थांबा."

"जल्दी आणा त्याला. ही पोरं माझ्या स्कूटरच्या चावीकडं बघून राह्यलीत."

बोध येण्याऐवजी धुळाजीच उठले. "बिलकुल बराबर केलं पोरानं," त्यांनी जाहीर केलं. "एका पेपरापायी कुनी हक्काची पोरगी अडवून धरतं का? माज आल्ता मामाला!" पुरुषांच्या माना हलल्या. दुर्गाबाई म्हणाल्या की पोराच्या आईनेच आता भावाशी बोलायला पाहिजे, ती नुसती चहा करून राह्यली. बिघडलेल्या पोराच्या बाजूने अख्खा पालक मेळावा उभा राहिला होता. दुर्गाबाईंचा नातू आजीकडे नव्याने बघत होता.

तेवढ्यात पडद्यावर रात्रीचं जेवण सुरू झालं. पायजम्यातला बाप उठला. तो आधी हळू, मग चढत्या आवाजात काहीतरी बोलला, आणि टेबलावरून हात लांबवून त्याने पोराच्या कानाखाली एक वाजवली.

"बाप काय बोलला, सर?" दोन-तीन आवाज आले.

आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "मी एवढा मोठा माणूस, आन् माझ्याच घरात इंग्रजीत नापास!"

शब्द बाहेर पडले आणि सरांनाच ते ऐकू आले. ओसरीत ते एवढे वाईट वाटले नव्हते. इथे टीव्हीच्या उजेडात, एका परक्या पोराच्या लाल झालेल्या गालाशेजारी, ते फार वाईट वाटले. सरांनी बद्रीकडे पाहिलं. बद्री खाली बघत वायरीवरची धूळ बोटाने पुसत होता.

पडद्यावरचा पोरगा दार आपटून निघून गेला. आई रडली. पहाट झाली. पोरगा तळ्याकाठच्या बाकावर बसलेला होता. दूरवरून पायजम्यावर, सपाता घातलेला बाप चालत आला. पोराजवळ थांबला. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघं समोर तळ्याकडे बघत राहिले.

कुणी काही बोलेना. वाजंत्रीसुद्धा थांबली होती. बापाचा चेहरा लांबून दिसत होता, तोंड मिटलेलं. एक मिनिट गेलं.

"काय बोलून राह्यले, सर?" दुर्गाबाईंनी हळूच विचारलं. एवढ्या लांबून त्यांना ओठ दिसत नव्हते.

पुंजाराम सरांना पहिल्यांदा त्या पिच्चरमधलं सगळं कळत होतं. दोघं काहीच बोलत नव्हते. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. 'काही नाही' म्हणून ते सुटू शकले असते. त्यांनी छडी टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून, ते बोलायला लागले.

"बाप म्हणतो, मला एक सांगायचं राह्यलंय. मी तुला मारलं ते चुकलं."



"बाप म्हणतो, लोकं मला मोठा समजतेत. जे काम मी जनमभर केलं ना, ते मलाच पुरतं येत न्हाई. निभावून नेलं. कुणाला कळू दिलं न्हाई. तू नापास झाला तव्हा मला वाटलं, आता माझं बी उघडं पडंल. त्या भीतीनं हात उठला माझा. तुझ्यावरचा राग नव्हता तो." सर पडद्याकडे आणखी एक पाऊल सरकले. "बाप म्हणतो, तुला जायचंय तर जा. अडवत न्हाई. पर न बोलता नको जाऊ."

उजवीकडे बायकांत कुणीतरी नाक ओढलं. पडद्यावर पोरगा आता बापाकडे वळून बघत होता. त्याचंही तोंड बंदच होतं.

"मंग पोरगं काय म्हनलं?" धुळाजींनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. पण पोराचं बोलणं त्यांना सुचेना. ते त्यांच्याकडचं नव्हतंच. सगळी खोली वाट बघत होती.

"पोरगं म्हणतं," मशीनपासून आवाज आला, "मला ठाव हाय."

सगळ्या माना तिकडे वळल्या. बद्री टीव्हीकडेच बघत होता.

"पोरगं म्हणतं, मला लहानपणापासून ठाव हाय. त्या उन्हाळ्यात गोधडी मीच आणून दिल्ती की."

थोडा वेळ कुणाला काही कळलं नाही.

"अमेरिकेत गोधडी असती?" धुळाजींनी विचारलं.

"थंडी लई असती तिकडं," दुर्गाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "गप ऐका."

पडद्यावर बाप उठला, पोरगा उठला, आणि दोघं घराकडे चालू लागले. अंतर ठेवून, पण एकाच रस्त्याने. दोन शब्द उमटले. पहिल्या रांगेतल्या तीन पोरांनी ते मोठ्याने वाचले, "द एंड!" सबंध पिच्चरमधलं तेवढंच इंग्रजी सर्वांना सरांच्या मदतीशिवाय समजलं.

ताडपत्र्या निघाल्या, उजेड आत आला. धुळाजी आपल्या पोराशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या पाठीवरचा भिंतीचा चुना झटकला. दुर्गाबाई सरांपाशी आल्या. "मामानं दिली का न्हाई पोरगी, ते राह्यलंच," त्या म्हणाल्या.

"दिली," सर म्हणाले. एवढं केल्यावर आता तेवढ्यासाठी कुठे अडून बसायचं?

काकासाहेब खुर्चीवर चढले. लिंबावरून काढलेली तीच खुर्ची होती, एक पाय डुगडुगत होता. "मंडळी, बोध आला! उशिरा आला, पण काय आला! इंग्रजी पिच्चर मी औरंगाबादेत पुष्कळ बघितले, पण आज पहिल्यांदा कळला. एवढं इंग्रजी समजणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही. म्हणून मी आत्ताच ठरवतो, सर निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला आपल्या शाळेत एक इंग्रजी पिच्चर!"

टाळ्या पडल्या. एकतीस वर्षांत जे गुपित पुंजाराम सरांनी एकदाच, भर सभेत, स्वतःच्या तोंडाने उघडं केलं, ते ऐकून लोकांनी त्यांना दुप्पट इंग्रजी बहाल केलं होतं. ते स्टुलावर बसले.

"मला... मला ताप आल्यासारखं वाटून राह्यलंय," ते क्षीण आवाजात म्हणाले.

बद्री खांद्यावर वायर गुंडाळत त्यांच्यापाशी येऊन थांबला. सात आठवड्यांत पहिल्यांदा त्याने बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"गोधडी आणू का, अण्णा?"